पाठराखीण पाहिजे!

रविवारची दुपार. सगळं जग वरण-भात-तूप-लिंबू हाणून आडवं झालेलं. आणि मी? मी कॉम्प्युटरसमोर बसून एका हिरव्या पट्टीकडे टक लावून बघत होते. पट्टी होती ३१ टक्क्यांवर. अर्ध्या तासापूर्वीही ती ३१ टक्क्यांवरच होती.

फ्रीलान्सर मंडळींना वेगळं सांगायला नको, पण नोकरीवाल्यांसाठी सांगते. ही पट्टी म्हणजे रेंडरिंग. तुम्ही तुकड्यातुकड्यांनी एडिट केलेली फिल्म कॉम्प्युटर एकसंध करून देतो, तो कार्यक्रम. माझी फिल्म बावीस मिनिटांची. एका कंपनीच्या वर्धापनदिनाची. क्लायंटला हवी होती सोमवारी सकाळी अकराला. आणि त्या फिल्मचे पैसे कुठे जाणार होते? तर घरमालकांना. नव्या घराच्या डिपॉझिटचा दुसरा हप्ता, जो मी ‘या आठवड्यात नक्की देते हं काका’ असं दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत नव्हती.

पट्टी ३२ वर गेली. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात स्क्रीन काळा. खटॅक! कॉम्प्युटर बंद.

झालं. लागली वाट!

ताप किती आला?

पुन्हा चालू केला. चालू झाला, म्हणजे जिवंत होता. टेम्परेचर दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर उघडून ठेवलं आणि रेंडर लावलं. दहा सेकंदांत आकडा ४५ वरून ९८ वर आणि पुढच्या दोन सेकंदांत १०० वर. अंश सेल्सिअस! म्हणजे आपण चहाला आधण ठेवतो ना, तेवढं.

आता कॉम्प्युटर काही मूर्ख नसतो. प्रोसेसर शंभरीला पोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, म्हणून ती पट्टी रखडत होती. आणि त्यानेही भागलं नाही, की जीव वाचवायला सरळ बंद पडतो. तेच झालं होतं.

कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत बघते तर प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे तो गोल पंखा आणि त्याखालचा अॅल्युमिनियमचा गड्डा, एका कोपऱ्यात तिरका. पुणेरी पगडी एका कानावर आल्यासारखा! चार पायांपैकी एक पाय मदरबोर्डमधून चक्क बाहेर आला होता.

हा कूलर प्रोसेसरच्या खोक्यातून फुकट आलेला. त्याचे चार पाय म्हणजे चार प्लॅस्टिकच्या खुंट्या. बोर्डच्या भोकात घालायच्या, वरून अंगठ्याने दाबायच्या, ‘टक्’ असा आवाज आला की बसल्या. इतकं सोप्पं. इंटेलच्या २००४ सालच्या एलजीए ७७५ सॉकेटबरोबर ही पद्धत आली आणि घराघरांत पोचली. नीट बसवली तर वर्षानुवर्षं टिकते. पण ‘टक्’ झालं नाही तरी झाल्यासारखं वाटतं, ही तिची खोड. मी मशीन जोडलं तेव्हा चौथा ‘टक्’ ऐकला होता की नाही, मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यात सहा आठवड्यांपूर्वी मी घर बदललं. गोरेगाव ते ठाणे, घोडबंदर रोडने, टेम्पोत, गादी आणि मिक्सरच्या मध्ये कॅबिनेट उभं ठेवून. खड्ड्यांनी उरलेलं काम केलं.

खुंटी परत दाबून बघितली. तिचं टोक चिरलेलं. बसेचना. लॅमिंग्टन रोडवर जावं, तर रविवार. बहुतेक दुकानांची शटर्स खाली. ऑनलाइन मागवावा, तर ‘मंगळवारपर्यंत मिळेल’. क्लायंट सोमवारचा!

आणि मग मला आठवलं, माझ्याकडे एक कूलर आहे. नवाकोरा. चांगला उंच, टॉवरवाला, तांब्याच्या नळ्यांचा. दोन वर्षांपूर्वी अडीच हजाराला घेतलेला आणि एकदाही न वापरलेला.

फक्त तो माझ्या घरी नव्हता. तो होता गोरेगावच्या जुन्या फ्लॅटच्या माळ्यावर. आणि त्या फ्लॅटमध्ये राहत होती माझी एक्स-रूममेट, जिच्याशी मी सहा आठवडे एक शब्दही बोलले नव्हते.

खोक्यात राहिलेलं शहाणपण

तुम्ही विचाराल, अडीच हजार मोजून आणलेली वस्तू माळ्यावर का? सांगते. त्या खोक्यातून कूलर निघाला तो निघाला, त्याबरोबर एक काळी धातूची चौकट, चार लांब बोल्ट, चार नट, दोन पट्ट्या, प्लॅस्टिकचे वायसर आणि तीन वेगवेगळ्या पुड्या निघाल्या. आणि एक कागद, ज्यावर एकही शब्द नव्हता. नुसती चित्रं आणि बाण. शिवाय त्या चौकटीसाठी कॅबिनेटची मागची बाजूही उघडायची होती. मी सगळं परत खोक्यात भरलं. ‘चाललंय ना? मग कशाला खाजवा!’ हा माझा आयुष्यभराचा फंडा.

पण चाललं नव्हतं, हे आता कळतंय. तो फुकटचा कूलर धड चिकटलेला नसला की प्रोसेसर तापतो, प्रोसेसर तापला की पंखा जीव खाऊन फिरतो. माझा पंखा रात्र रात्र घोंघावायचा. कॉम्प्युटर हॉलमध्ये, हॉलला लागून रूममेटची खोली. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. पहाटे पाचला उठून सातची शिफ्ट गाठायची. मी चॅनेलची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून माझी कामं रात्रीची. ती आधी हसत म्हणायची, ‘अगं, तुझं हेलिकॉप्टर कधी उतरणार?’ मग हसणं बंद झालं. मग नुसतंच दार आपटलं जायला लागलं.

एका पहाटे तिने माझ्या कॉम्प्युटरचा स्विच भिंतीवरूनच बंद केला. सहा तासांचं रेंडर गेलं. मी उठले आणि बोलू नये ते बोलले. म्हटलं, ‘तुला काय कळणार क्रिएटिव्ह काम म्हणजे काय! तू रक्ताच्या बाटल्या मोजतेस.’

ती काहीच बोलली नाही. चपला घातल्या आणि शिफ्टला गेली. पुढच्या महिन्यात मी ठाण्याला.

म्हणजे बघा हं. ज्या आवाजावरून चार वर्षांची दोस्ती तुटली, त्या आवाजाचं औषध त्याच घरात, आमच्या दोघींच्या डोक्यावर, माळ्यावर पडून होतं!

फोन लावला. तीन रिंग झाल्या.

‘बोल.’

‘माळ्यावर एक खोकं आहे. कूलरचं. मी घ्यायला येऊ?’

पलीकडे शांतता. मग, ‘आज मेगाब्लॉक आहे. तू येऊन परत जाईपर्यंत रात्र होईल. काय झालंय?’

सांगितलं. सगळं. सोमवार, अकरा, डिपॉझिट, काका.

‘पत्ता पाठव,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कोटाचं बटण

ती येईपर्यंत तुम्हाला त्या काळ्या चौकटीची गोष्ट सांगते. तिला म्हणतात बॅकप्लेट.

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. कूलर त्याला आडवा टांगलेला. फुकटचा कूलर हलका असतो, म्हणून खुंट्यांवर भागतं. टॉवर कूलर मात्र वजनदार. माझा पाऊण किलोच्या आसपास. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-डी१५ हा प्रसिद्ध कूलर तर दोन पंख्यांसकट १,३२० ग्रॅम भरतो. सव्वा किलोपेक्षा जास्त! एवढं वजन त्या पातळ बोर्डवर आडवं लटकलं की बोर्ड वाकणार, नाही तर कूलर प्रोसेसरपासून फटणार.

आता तुमच्या वडिलांचा जुना लग्नातला कोट आठवा. पुढच्या मोठ्या बटणामागे, कापडाच्या आतल्या बाजूला, शिंप्याने एक छोटं चपटं बटण लावलेलं असतं. दिसत नाही, कुणी कौतुक करत नाही. पण ओढ बसली की ती कापडावर येत नाही, दोन बटणांमध्ये वाटली जाते. बॅकप्लेट म्हणजे तेच मागचं बटण. ती बोर्डच्या पाठीशी बसते, तिच्यातून बोल्ट पुढे येतात, आणि कूलर खरं म्हणजे बोर्डला नाही, तिला घट्ट धरून राहतो. बोर्ड मध्ये नुसता सँडविच.

आणि हे घट्ट धरणं फक्त पडू नये म्हणून नसतं. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण बारीक पाहिलं तर दोन्हींवर खाचखळगे असतात. त्या खळग्यांत हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट खळगे भरते, पण तिचा थर पातळ आणि सगळीकडे सारखा पसरायला वरून सारखा दाब लागतो. एक कोपरा सैल, की त्या बाजूला थर जाड, आणि तिथूनच ताप चढतो. माझं तेच झालेलं.

जुन्या मराठी लग्नांत नवरीबरोबर पाठराखीण जायची ना? फोटोत मागे उभी, पण नवरीला धीर तिचाच. बॅकप्लेटला मी तेव्हापासून तेच नाव दिलंय.

चार हात

साडेसहाला बेल वाजली. ती दारात. हातात खोकं, पाठीला सॅक, चेहरा कोरा.

‘पाणी?’ मी विचारलं.

‘आधी काम.’

वीज बंद, केबल काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं म्हणजे आतली उरलीसुरली वीज जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावून घेतला, अंगातली स्थिर वीज उतरायला. दोन्ही बाजूंची झाकणं काढली. नशीब असं की माझ्या कॅबिनेटला मागच्या पत्र्यात, बरोबर प्रोसेसरच्या पाठीमागे, मोठी चौकोनी खिडकी आहे. ही खिडकी नसली किंवा लहान असली, तर अख्खा मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो.

जुना कूलर काढला. आधी त्याच्या पंख्याची वायर, मग खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. माझा आधीच ढिला होता, अलगद आला. तुमचा घट्ट चिकटलेला असेल तर मशीन पाच मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, केबल काढून, कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच वळवून सोडवा. सरळ उपटू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर तर हे दुप्पट लक्षात ठेवा, कारण तिथे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येऊ शकतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात.

प्रोसेसरवर वाळलेली करडी पेस्ट. मी कापूस घेतला, तर तिने हात धरला. ‘त्याचे तंतू राहतात.’ सॅकमधून पाकिटं काढली. अल्कोहोल स्वॅब, आयसोप्रोपिल. इंजेक्शनआधी दंडाला लावतात तेच. दोन स्वॅबमध्ये प्रोसेसर आरशासारखा! पूर्ण वाळू दिला.

आता पाठराखीण. कॅबिनेट उभं, म्हणजे बॅकप्लेट मागून धरायची आणि बोल्ट पुढे आले की पुढून नट लावायचे. मागून सोडली की खाली पडणार. थोडक्यात, हे चार हातांचं काम. दोन वर्षांपूर्वी मी खोकं बंद केलं त्याचं खरं कारण कदाचित हेच असावं. कुणाला तरी ‘जरा धरतेस का?’ म्हणून विचारावं लागणार होतं.

ती कॅबिनेटच्या मागे बसली, मी पुढे. मध्ये मदरबोर्ड. मला तिची फक्त बोटं दिसत होती, तीही भोकांतून.

तीन बोल्ट आले. चौथा येईना. मी पुढून म्हटलं, ‘ढकल ना जरा!’

‘ढकलायचं नाही,’ मागून आवाज. ‘शीर मिळाली नाही की सुई मागे घ्यायची आणि परत शोधायची. जोर केला की फुटते. थांब... इथे प्रत्येक कोपऱ्याला दोन-दोन भोकं आहेत.’

बरोबर! बॅकप्लेट एकच असते, पण ती बऱ्याच सॉकेट्सना चालावी म्हणून भोकं जास्त. इंटेलच्या ११५६ पासून १२०० पर्यंतच्या सॉकेट्सना दोन भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर. २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० ला ते ७८. माझं सॉकेट १७००, आणि आम्ही एक बोल्ट आतल्या, म्हणजे ७५ च्या भोकात घातलेला. तीन मिलिमीटरचा फरक! मी जोर केला असता तर बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा खरवडल्या असत्या, आणि मग अडीच हजारांचं काम दहा-बारा हजारांवर गेलं असतं.

बोल्ट बाहेरच्या भोकात घातला. चारही पुढे आले. प्रत्येकावर प्लॅस्टिकचा वायसर, मग नट. हे वायसर फेकू नका बरं का. धातू आणि बोर्ड यांच्यात तेच आड येतात. नट हाताने घट्ट होतील तेवढेच, पक्कड लावायची नाही. आणि तेही समोरासमोर. एक वरचा डावा, मग खालचा उजवा. गाडीचं चाक बसवताना मेकॅनिक करतो तसं.

दुसरा नट फिरवताना ती मागून म्हणाली, ‘मी त्या दिवशी स्विच बंद केला ते चूक होतं. मला माहीत होतं आत काम चालू आहे.’

मी नट फिरवत राहिले. समोर चेहरा नसला की बोलायला सोपं जातं, हे तेव्हा कळलं.

‘मी जे बोलले ते त्याहून वाईट होतं,’ मी म्हटलं. ‘ते बाटल्यांचं. सॉरी.’

‘बाटल्या नसतात त्या. ट्यूब्ज असतात.’

‘ट्यूब्जबद्दल सॉरी.’

मागून काही आलं नाही. पण बॅकप्लेट पकडलेली बोटं हलली नाहीत, एवढं मी सांगू शकते.

वाटाणा आणि एक पारदर्शक कागद

नटांवर दोन पट्ट्या बसवल्या. मग पेस्ट. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी. १७०० चा प्रोसेसर लांबट असतो, म्हणून मी वाटाण्याच्या वर आणि खाली आणखी एकेक छोटा ठिपका दिला. बोटाने फासायची नाही, दाबाने ती आपोआप पसरते.

कूलर उचलला, खाली आणला, टेकवणार... आणि तळावर काहीतरी चमकलं. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद! त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, बसवण्याआधी काढा. हा कागद तसाच ठेवून कूलर बसवणारी आणि मग ‘नवीन कूलर घेतला तरी तापतोय’ म्हणून डोकं धरणारी माणसं जगभर आहेत. त्या यादीत माझं नाव एका सेकंदाने चुकलं.

टॉवरचे स्क्रू दोन, दोन्ही बाजूंना एकेक, स्प्रिंगवाले. ते दिसावेत म्हणून पंखा आधी काढून ठेवायचा. इथे सगळ्यात मोठा मोह असतो तो एक स्क्रू पूर्ण आवळून टाकायचा. तसं केलंत तर कूलर त्या बाजूला दबतो, दुसरी बाजू उचलली जाते, पेस्ट एकीकडे पळते. म्हणून आधी दोन्हींचे आटे नुसते धरून घ्यायचे. मग दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शेवटी स्क्रू स्वतःच थांबतो. तो थांबला की आपणही थांबायचं. ‘अजून एक पीळ, खात्रीसाठी’ या वाक्याने पुष्कळ बोर्ड मेलेत!

कूलर हलकेच हलवून पाहिला. अख्खं कॅबिनेट हललं, पण कूलर बोर्डवर तसूभरही सरकला नाही. पंखा लावला, हवा मागच्या जाळीकडे जाईल अशा दिशेने. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर. झाकण लावायच्या आधी उंची बघितली. एक बोट जागा शिल्लक. हे खरं तर विकत घेताना बघायचं असतं. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते. मी न बघता आणला होता, वाचले.

आवाज कुठाय?

बटण दाबलं.

स्क्रीन उजळला. टेम्परेचर ३६. रेंडर लावलं आणि दोघी स्टुलावर-खुर्चीवर बसून त्या आकड्याकडे बघत राहिलो, निकालाच्या दिवशी बघावं तसं. ५२. ५८. ६३. ६६. आणि मग ६६ वरच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ६६, फार तर ६७. हिरवी पट्टी मात्र सुसाट.

‘चालू झालाय ना?’ तिने विचारलं.

‘हो की. बघ ना.’

‘नाही, म्हणजे... आवाज कुठाय?’

आवाज नव्हता. छताचा पंखा ऐकू येत होता, खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती. कॉम्प्युटरचा आवाज नव्हता. मोठा पंखा हळू फिरला तरी त्याला पुरतं.

ती कॅबिनेटकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे खोकं दोन वर्षं माळ्यावर होतं?’

‘हो.’

‘शहाणी आहेस,’ ती म्हणाली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली.

फिल्म रात्री पावणेअकराला तयार झाली. आम्ही मागवलेली पावभाजी तोवर संपली होती. ती राहिली नाही, पहाटेची शिफ्ट होती. रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी म्हणणार नाही. दोघींच्या बोलण्यात अजून जपून टाकलेली पावलं होती. पण रिक्षा सुरू झाल्यावर तिने बाहेर डोकावून सांगितलं, ‘पुढच्या वेळी टेम्पोत घालशील तेव्हा आडवं ठेव ते!’ तिला हे कुणी सांगितलं देव जाणे, पण ते खरंय. जड कूलर असलेलं कॅबिनेट नेताना असं आडवं ठेवायचं की बोर्ड खाली सपाट आणि कूलर वर उभा राहील. लांबचा प्रवास असेल तर कूलर काढूनच न्यायचा.

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना फिल्म गेली. क्लायंटने लोगो मोठा करायला सांगितला. म्हणजे फिल्म आवडली! पैसे आले, काकांना हप्ता गेला. ‘नक्की देते’ हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही.

तर मंडळी, तुमच्याही घरात एखादं खोकं माळ्यावर असेल. कूलरचं असेल तर या रविवारी खाली काढा. सॉकेटचा नंबर आणि कॅबिनेटची उंची तपासा, भोकं मोजा, प्लॅस्टिकचा कागद काढा, स्क्रू आळीपाळीने आवळा. दीड तासाचं काम आहे.

फक्त एकट्याने करू नका. मागून धरायला कुणीतरी लागतंच. कुणाला बोलवायचं, ते तुम्हाला माहीतच असेल. तीन रिंग वाजू द्या, उचलतात.